बिटला मधे जोड आहे म्हणजे ते स्नॅफलच ना?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी, अकलूजच्या बाजारातून काठियावाडी घोडी आणलीय, चालीला झकास पण लगाम जरा ओढला की मान झटकन वर उडवते आणि तोंड वासते. सोबत जे बिट (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) आलंय त्याला मधे जोड, दोन्ही बाजूला लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी. विकणारा म्हणाला स्नॅफल आहे, एकदम सौम्य. नेटवर बघाय गेलं तर स्नॅफल, कर्ब, पेल्हम, गॅग, नुसती नावंच नावं. नेमका फरक कशात असतोय आणि मी काय घेऊ?

पागेवाला
ते स्नॅफल नाही ओ. जोड बघू नका, वादी, म्हणजे हातात धरायचा पट्टा, कुठं अडकवलीय ते बघा. स्नॅफलमध्ये वादी तोंडाजवळच्या कडीतच असते, जेवढं ओढाल तेवढंच आत पोचतं. तुमचा आहे तो कर्ब, वादी खाली दांडीच्या टोकाला. ओढलं की दांडी फिरते, साखळी हनुवटीखाली आवळते आणि वरचा पट्टा कानामागं दाबतो, पहारीनं दगड उचकटतो तसलाच प्रकार. दांडीचा वरचा भाग २ इंच आणि खालचा ४ असला तर हातातला १ किलोचा ओढा साखळीपाशी साधारण २ किलोचा होतो. त्यात मधे जोड असला की दांड्या आत वळतात आणि जबडा दोन्हीकडनं चिमटला जातो, माझ्या मते सगळ्यात वाईट मेळ हाच. परदेशात याला टॉम थंब म्हणतात आणि तिकडंही ते स्नॅफल म्हणूनच खपवतात!! कर्ब वाईटच असं नाही, तयार घोडं आणि हलका हात असला तर बोटाच्या इशाऱ्यावर काम होतं, पण नवीन घोडीला, नवीन हातात नको. पेल्हमला वादीच्या दोन्ही जागा असतात म्हणून दोन वाद्या सांभाळाव्या लागतात. गॅग म्हणजे ओढलं की तोंडात वर सरकणारं बिट, त्याच्या नादाला लागूच नका.

कसबेकर
एवढं काय नसतंय, वरातीच्या घोड्यांना सरळ काटेरी लगाम घालतेत, डीजे लागू दे फटाके उडू दे, घोडं जागचं हलत नाही. साधं बिट घातलं आणि नवरदेवाला घेऊन पळालं मग?

पागेवाला
दादा, काटेरी बिटला १९६५ च्या ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांच्या नियमांतच बंदी आहे. आणि बिचकलेल्या घोड्याला तोंडात टोचलं तर ते जास्तच उधळतं. बाजीरावच्या विहिरीपाशी रिंगणात माऊलींचा अश्व एवढ्या गर्दीत स्वाराशिवाय धावतोय, तो काय काट्यांवर धावतोय होय? गर्दीची सवय लावावी लागते, त्याला वेळ द्यायला कुणी तयार नसतंय हा खरा घोळ.

होटगी_रोड
बिट बदलायच्या आधी डॉक्टरकडून दात बघून घ्या. काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढं एक बारका दात असतो, बिट त्याच्यावर आपटलं की मान उडवणारच. बिट बसतं त्या जागी दात नसतात, हाडावर नुसती पातळ हिरडी. जाड बिट सौम्य म्हणतात ते सरसकट खरं नाही, काठियावाडीचं तोंड लहान, जीभच सगळी जागा खाते, जाड लोखंड मावणार कुठं. माप घेताना ओठांच्या बाहेर दोन्हीकडं साधारण अर्धा सेंटीमीटर राहिलं पाहिजे.

जुळे_सोलापूरकर
तोंडातनं दोरी घालून मापलं, ओठापासून ओठापर्यंत पावणेपाच इंच भरतंय. उजव्या कोपऱ्याला सोललंय पण, आधी दिसलंच नव्हतं कारण हात लावू देत नाही. नवीन बिट येईपर्यंत नुसती साखळी काढून चालवू का?

पागेवाला
अजिबात नको, साखळीच दांडीला थांबवते, ती काढली तर दांडी पार मागं फिरते आणि बिट तोंडात उलटं वळतं. कोपरा भरेपर्यंत तोंडात काहीच घालू नका, हॉल्टरवर (बिट नसलेल्या मोरखीवर) हातानं फिरवा. मग पाच इंची एगबट घ्या, म्हणजे कडी घट्ट बसवलेलं स्नॅफल, दोन जोडांचं, मधे बदामी तुकडा असलेलं. लूज रिंग, म्हणजे सुटी फिरणारी कडी असलेलं, स्वस्त मिळेल पण तिची कडी ओठाच्या कोपऱ्यात चिमटे घेते आणि तुमचा कोपरा आधीच गेलाय.