मदत हवी आहे: स्मिथच्या सामन्यातले १४ गुण जुळत नाहीत

सीमारेषा:
उद्या सकाळी अंकासाठी लेख द्यायचाय आणि १४-८ वर अडलोय. दोन ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं), दोन्हींवर कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक), सात दुणे चौदा असं लिहून टाकलं होतं. आता जुन्या वर्णनात ड्रॉप गोल (खेळ चालू असताना चेंडूचा टप्पा पाडून किकने केलेला) सापडला. तो कुठे बसवू? कृपया लवकर सांगा.

रानवारा:
कुठला स्मिथ, कुठलं साल? ग्रॅम स्मिथ असेल तर क्रिकेटच्या धाग्यावर विचारा.

सीमारेषा:
ग्रॅम नाही हो, आर्थर! स्कॉटलंडचा रग्बी विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा. समोर वेल्स.

जुना_खेळाडू:
ट्रायला ५, कन्व्हर्जनला २, पेनल्टी नि ड्रॉप गोलला ३-३. कॉलेजात चार वर्षं खेळलोय. तुमचं ७+७ बरोबर, वर्णनच चुकलंय.

हॉइकप्रेमी:
लिहायचंच तर ह्यू मॅक्लॉडवर लिहा. स्कॉटलंडमधल्या हॉइकचा प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या फळीतला), स्कॉटलंडकडून सलग ४० सामने, १९५९च्या लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्र संघ) दौऱ्यात सहाही कसोट्या. विंगरची धाव सगळ्यांना दिसते, स्क्रममध्ये दोन्ही संघ डोकी भिडवून ढकलतात, तिथली मान कुणालाच दिसत नाही.

जुना_खेळाडू:
स्मिथही सलग ३३ खेळला. १९६२ला लायन्सचा कर्णधार होता, शिवाय केंब्रिजची गणितातली पीएचडी. कर्करोगाने बेचाळिशीत गेला बिचारा. त्याला नुसता धावणारा म्हणू नका.

पूर्वरंग:
स्कॉटलंडच्या रग्बीवर लिहिताय तर कलकत्ता कप विसरू नका. कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद करताना खात्यातले चांदीचे रुपये वितळवून केलाय. कपाला तीन नागांचे कान, झाकणावर हत्ती! १८७९पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी खेळतात.

रानवारा:
माहिती सुंदर, पण सामना वेल्सशी आहे. सीमारेषा, साल सांगा ना.

सीमारेषा:
५ फेब्रुवारी १९५५, एडिनबरोचं मरेफील्ड मैदान. मला वाटलं स्मिथ म्हटल्यावर कळेलच. स्कॉटलंड ओळीने १७ सामने हरलं होतं, त्यात दक्षिण आफ्रिकेने ४४-० असं लोळवलेलं. त्या दिवशी स्मिथचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. टचलाइन (मैदानाची कडेची रेषा) धरून सुटला, चेंडू पायाने पुढे मारला, स्वतःच गाठला आणि ट्राय केला. वाचताना अजून काटा येतो अंगावर.

रानवारा:
मग झालं की! तेव्हा ट्रायला ३च गुण होते. १९७१मध्ये ४ झाले, १९९२मध्ये ५. दोन ट्रायचे ६, एका कन्व्हर्जनचे २, पेनल्टीचे ३, ड्रॉप गोलचे ३. चौदा. ७+७ खोडा आधी.

जुना_खेळाडू:
बरोबर. मी आजचे गुण तेव्हाच्या सामन्याला लावले, चुकलं माझं.

सीमारेषा:
जुळलं! वेल्सचे ८ही बसतात, ३+३+२. मनापासून आभार, आता पाठवतो.

हॉइकप्रेमी:
थांबा. त्या दिवशी पुढच्या फळीत मॅक्लॉडही होता. एक ओळ त्याची टाकून मग पाठवा.