एक्स-मेनना सॅव्हेज लँडमध्ये नेलं की ते एक्स-मेन राहतात का?

बिनपाण्याची_होडी
आधीच सांगतो, चिडणार असाल तर चहा घेऊन बसा. मला सॅव्हेज लँडच्या गोष्टी म्हणजे एक्स-मेनची सहल वाटते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एक्स-मेन म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधली म्युटंटांची, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्यांची टीम, आणि सॅव्हेज लँड म्हणजे अंटार्क्टिकाच्या बर्फात लपलेलं, ज्वालामुखींच्या उष्णतेवर तगून राहिलेलं जंगल, त्यात डायनासोर, रानटी टोळ्या आणि का-झार नावाचा कमरेला कातडं गुंडाळलेला गोरा बुवा, सोबत झाबू हा त्याचा सेबरटूथ वाघ. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1965 मध्ये 10 व्या अंकात टीमला पहिल्यांदा तिथे नेलं. आणि कारण काय तर टीव्हीवर या बुवाची बातमी दिसली! टीमचा गुरू प्रोफेसर झेवियर सांगतोय की हा म्युटंट नाहीये, तरी पोरं निघाली. मग टीममधले एंजल आणि जीन ग्रे दलदलीतल्या टोळीच्या तावडीत सापडतात, का-झार हत्तींचे पूर्वज घेऊन भिंती पाडतो, आणि शेवटी यांनाच सांगतो की आता चालते व्हा, परत येऊ नका.

अरे पण एक्स-मेनचा जीव कशात आहे? जग तुमचा द्वेष करतं आणि तुम्ही त्याच जगासाठी मरायला तयार असता, यात ना? जंगलात द्वेष करणारं जगच नाही. टी-रेक्सला काय घेणंदेणं जीन ग्रे म्युटंट आहे का नाही, त्याला जेवण मिळाल्याशी मतलब. ही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही टीमला घालून बघा, चार संवाद बदलले की काम झालं.

निळी_शेपटी
10 व्या अंकाबद्दल सहमत, बाकीबद्दल साफ असहमत. साहेब, तुम्ही 1965 धरून बसलात, 1978 चे 114 ते 116 हे अंक कुठे गेले? क्लेअरमॉन्टचं लेखन, जॉन बर्नचं पेन्सिल, टेरी ऑस्टिनची शाई. टीमचा म्युटंट शत्रू मॅग्नेटो, त्याचा तळ ज्वालामुखीखाली कोसळतो, जीन आणि बीस्ट वर हिमवादळात बाहेर पडतात, बाकीचे जमीन पोखरत पोखरत सॅव्हेज लँडमध्ये निघतात, आणि दोन्हीकडच्यांना वाटतं की पलीकडचे मेले.

आता यात टीमचा नेता आणि जीनचा प्रियकर सायक्लॉप्स, त्याचा सीन बघा. दाढी करता करता तो टीममधल्या स्टॉर्मला सांगतो की जीन गेली पण जेवढं रडू यायला हवं तेवढं येत नाहीये, फिनिक्स, म्हणजे अफाट शक्तीची, झाल्यापासून ती माझी राहिलीच नव्हती बहुतेक. हे तो एक्स-मेनच्या शाळेत बोलला असता? तिथे प्रोफेसर आहे, डेंजर रूम, म्हणजे सरावाची खोली, आहे, कुणीतरी मध्ये येऊन मिशनवर पाठवलंच असतं. जंगलात करायला काही नाही म्हणून तो बोलतो. तुम्ही ज्याला सहल म्हणता ना, त्या रिकामपणामुळेच हे सगळं बाहेर येतं.

बिनपाण्याची_होडी
एक दाढीचा सीन चांगला आहे म्हणून सगळं जंगल माफ? त्याच गोष्टीत पुढे गॅरॉक नावाचा दगडी देव आणि झॅलाडेन नावाची पुजारीण येते, त्यांचं ते शहर, त्यापायी सॅव्हेज लँडमध्ये चक्क बर्फ पडतो. ठरलेला मसाला.

ढगाला_लागली_वीज
स्टॉर्मचा विषय निघालाय तर मी बोलणारच. तुमच्या त्या ठरलेल्या मसाल्याचा शेवट काय आहे ते परत एकदा वाचा. गॅरॉक खोल खड्ड्यात कोसळतोय आणि स्टॉर्म शत्रू असूनही त्याला वाचवायला मागे झेपावते. पण चारी बाजूंनी भिंती, आणि तिला बंद जागेची भीती. कैरोत 1956 च्या सुएझच्या धामधुमीत घरावर विमान कोसळलं होतं, आई मेलेली आणि ही पोर ढिगाऱ्याखाली तिच्याशेजारी अडकलेली, हे 102 व्या अंकातच येऊन गेलंय. आख्ख्या टीममध्ये आभाळ जिच्या हातात आहे ती बाई इथे हात पुढे करते आणि तिथेच गोठते, तो खाली जातो. गॅरॉकच्या जागी कुणीही व्हिलन टाका, मला फरक पडत नाही, पण हा प्रसंग दुसऱ्या टीमला घालून दाखवाच.

आणि हो, टीममधला वुल्व्हरिन त्याच 116 मध्ये पहारेकऱ्याला मारतो. चौकटीत दाखवत नाहीत, फक्त नाइटक्रॉलर आणि स्टॉर्मचे चेहरे दिसतात. त्या दोघांना आपल्या शेजारी कोण उभा आहे ते तिथे कळलं.

आज्जीचा_चष्मा
मला दोघांचंही पटत नाही :) प्रॉब्लेम वेगळाच आहे आणि त्यावर कुणी बोलतच नाही. का-झार म्हणजे केव्हिन प्लंडर, इंग्लिश लॉर्डचा मुलगा. बाप शोधमोहिमेवर येतो, तिथे मारला जातो, पोराला वाघ वाचवतो, आणि मोठा होऊन हा पोरगा आख्ख्या जंगलाचा धनी! पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्या टोळ्या काय करतात तर एकतर पळतात, नाहीतर कुणाला तरी बळी द्यायला बांधतात. जी टीम म्हणे भेदभावाविरुद्ध उभी आहे ती बिनतक्रार याच्या बाजूने लढते, कुणालाही एक प्रश्न पडत नाही. आपल्याकडच्या वाचकाला तरी हा साहेब ओळखीचा वाटायला हवा की नको?

निळी_शेपटी
मुद्दा बरोबर आहे ताई, पण तो का-झारविरुद्धचा आहे, जंगलाविरुद्धचा नाही. का-झारला काढून टाका, मी फटाके वाजवेन.

गोठलेला_बटाटा
अवांतर: टी-रेक्स गेला 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, सेबरटूथ अगदी 10,000 वर्षांपूर्वीपर्यंत होता, हे दोघं एकाच जंगलात! नंतर मार्व्हलने परग्रहवासीयांनी जमवलेलं प्राणिसंग्रहालय वगैरे ठिगळ लावलं. तिथला सॉरॉन हा व्हिलन तर कहरच. कॉमिक्स कोडवाल्यांना, म्हणजे कॉमिक्सच्या सेन्सॉरला, व्हॅम्पायर चालत नव्हते म्हणून रक्ताऐवजी म्युटंटची ऊर्जा शोषणारा टेरानोडॉन, म्हणजे प्राचीन उडणारा सरीसृप, काढला, त्यालाही चोचीत दात दिले. खऱ्या टेरानोडॉनला दात नव्हते आणि तो डायनासोरही नव्हता.

मात्र अंटार्क्टिकात डायनासोर हे काही थाप नाही, क्रायोलोफोसॉरस 1991 मध्ये तिथेच सापडला. आणि बर्फ नसलेली जागा हवी असेल तर आपलं मैत्री स्टेशन शिर्माखेर ओएसिसमध्येच आहे, उघडे खडक, गोड्या पाण्याची तळी. जंगल म्हणाल तर शेवाळ. भारताची पहिली मोहीम 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली होती, त्यांनाही झाबू काही भेटला नाही. हलके घ्या.

बिनपाण्याची_होडी
बटाटेभाऊ दंडवत. पण बघा, सॉरॉन ऊर्जा शोषतो तीही म्युटंटचीच. म्हणजे एक्स-मेनना हवा असलेला राक्षस त्यांना तिथे मिळालाच होता की. पण नील ॲडम्स आणि रॉय थॉमस यांनी 1969 मध्ये केलं काय, चित्रं अशी की पान उलटायचं भान राहत नाही, एंजल पंख पसरून चौकट फाडून बाहेर येतोय, आणि गोष्ट? मॅग्नेटो जंगलात लपून टोळीवाल्यांना म्युटेट, म्हणजे कृत्रिम म्युटंट, बनवतोय. चित्रांसाठी 10 पैकी 10, गोष्टीसाठी 4. मासिक तसंही गाळात होतं, 66 व्या अंकानंतर 1970 मध्ये नव्या गोष्टी बंदच झाल्या आणि 1975 पर्यंत जुनंच छापत राहिले.

ढगाला_लागली_वीज
4 का? टोपाशिवायचा मॅग्नेटो तिथे साधा माणूस दिसतो, पांढरे केस, शांत चेहरा, एंजल त्याच्यावर विश्वास ठेवतो, त्याने दिलेला नवा पोशाखही घालतो! हाच धागा 1991 मध्ये 274 आणि 275 ला पुढे आला असं मी मानते. तोच मॅग्नेटो, तेच जंगल, सोबत एक्स-मेनमधली रोग (Rogue) नावाची बाई, चित्रं जिम लीची. झॅलाडेन हरलीये, रोग विनवतेय की नको मारू, आणि तो मारतो. झेवियरच्या वाटेने चालून बघितलं, आता बास, असा त्याचा सूर. द्वेष करणारं जग तिथे नाही म्हणालात ना? म्हणूनच तर त्याला जगावर ढकलता येत नाही.

बिनपाण्याची_होडी
275 भारी आहे, ते नाकारतच नाही. पण तो सीन मॅग्नेटोचा आहे. जेनोशा बेटावर ठेवा, न्यूयॉर्कच्या गटारात ठेवा, चालेल. डायनासोर काय करतायत त्यात?

ढगाला_लागली_वीज
न्यूयॉर्कमध्ये ठेवलात तर लगेच म्युटंटांची शिकार करणारे सेंटिनेल रोबो येणार, मोर्चा येणार, आणि मॅग्नेटो म्हणणार की बघा, माणसांनीच मला भाग पाडलं. तुम्ही आणि मी परत त्याच वादात. डायनासोर काही करत नाहीत हाच त्यांचा उपयोग आहे.

आज्जीचा_चष्मा
आणि झॅलाडेनला काय वाटतं ते अजूनही कुणी विचारलं नाही. चालू द्या.