पाणंदीकडेची पडकी विहीर आणि उघडा बोअर, नियम काय आहे?

करवीरचा_शेतकरी
मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या गावात पाणंदीला (शेतातल्या वाटेला) लागून मोटेच्या काळातली विहीर आहे, आता कोण वापरत नाही, एका अंगानं काठ पार ढासळलाय आणि पावसाळ्यात गवत एवढं माजतं की पाय पडेपर्यंत विहीर आहे हेच कळत नाही. त्याच बांधावर एक फेल गेलेला बोअर, केसिंगच्या (बोअरात बसवलेल्या पाइपाच्या) तोंडावर युरियाचं पोतं आणि वर एक दगड, बस्स. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या तिथंच खोपी टाकतात, आईबाप फडात आणि बारकी पोरं दिवसभर त्या रानात. विहीर सात जणांच्या वाट्यात, खर्चाचं नाव काढलं की सगळे गप्प. नियम काय आणि अर्ज कुणाकडं?

पंपवाला_मेस्त्री
भावा, बोअरचं आजच बघ. पोतं म्हणजे झाकण नव्हे. २०१९ ला पंजाबात संगरूर जिल्ह्यात दोन वर्षांचं पोरगं असंच कापड बांधलेल्या बोअरवर पाय पडून आत गेलं, वाचलं नाही. सुप्रीम कोर्टानं २०१० लाच नियम घालून दिलेत, केसिंगला स्टीलची प्लेट वेल्डिंग करायची नाहीतर नटबोल्टचं घट्ट टोपण, भोवती अर्धा मीटर बाय अर्धा मीटर सिमेंटचा कट्टा, ३० सेंटिमीटर जमिनीत आणि ३० वर. आणि बोअर कायमचाच बंद असंल तर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोटे घालून बुजवायचा. मोटार दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडं ठेवायचं नाही, हे तर आमच्यातले कितीतरी जण पाळत नाहीत, वाईट वाटतं.

पाणंद_रस्ता
अर्ज दोन करा. एक सरपंच आणि ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), खेड्यात बंद बोअरवर लक्ष ठेवायचं काम त्याच नियमांनी सरपंच आणि कृषी खात्याच्या अधिकाऱ्यावर टाकलंय. दुसरा प्रांतांकडं (उपविभागीय दंडाधिकारी), भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. रस्त्याकडंची विहीर नाहीतर खड्डा लोकांना धोक्याचा असंल तर कुंपण घालायचा आदेश मालकाला देता येतो असं त्यात स्पष्ट आहे. सातबारा आणि फोटो जोडा, पोच घ्या. वाटेकरी सात असोत नाहीतर सत्तर, आदेश आला की कुंपणाचं बघावंच लागतं.

राधानगरीची_ताई
विहिरीत काही पडलं तर कुणालाही उतरू देऊ नका हो. आमची शेळी पडली होती, पाणी कमरेएवढंच, चुलते कासरा बांधून निघालेच होते, आजीनं आधी कंदील सोडायला लावला तर निम्म्यात पोचायच्या आत ज्योत बारीक होऊन विझली, म्हणजे आत श्वासापुरता ऑक्सिजनच नव्हता. आम्ही सगळे तिथंच गार. पण कंदील जळला म्हणजे आत सगळं ठीक असंही नाही, फायर ब्रिगेडलाच बोलवा.
आणि बंद गुऱ्हाळाजवळ काकवीची लोखंडी टाकी पडलेली असते ना, तिचं पण बघा. बंद टाकीत आतून गंज चढतो तसा हवेतला ऑक्सिजन संपत जातो, पोरगं लपायला शिरलं तर आवाज द्यायच्या आत बेशुद्ध. ती सरळ भंगारात द्या. जुन्या फ्रिजचं पण तसंच, दार काढल्याशिवाय परड्यात टाकू नका.

करवीरचा_शेतकरी
मेस्त्री, ताई, सगळ्यांचे आभार. वेल्डिंगवाला संध्याकाळी येतोय, प्लेटचे पैसे मीच देतो, वाट्याचं नंतर बघू. विहिरीच्या ढासळलेल्या अंगाला बाभळीच्या फांद्या रचून लाल कापड बांधलंय, उद्या सकाळी अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत.