स्वीडिश घरातले शब्द : 'फन्स्टेर' आणि मागे पडलेला 'वाऱ्याचा डोळा'

खिडकीसाठी स्वीडिशमध्ये रूढ असलेला 'फन्स्टेर' हा शब्द मूळचा लॅटिन 'फेनेस्त्रा' असून तो निम्न जर्मन, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बोलीमार्गे आला, याविषयी दुमत नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याने मागे सारलेला 'विन्दओगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. डॅनिश 'विन्दुए', नॉर्वेजियन 'विन्दू' आणि इंग्रजी 'विंडो' ही त्याचीच भावंडे. यातला 'विन्द' आपल्या 'वात'शी आणि 'ओगा' आपल्या 'अक्षि'शी सगोत्र आहे. तरीही 'गवाक्ष' आणि 'विन्दओगा' एकाच मूळ शब्दापासून निघाले, असे म्हणता येणार नाही. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणावे, हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेले दिसते, शिवाय आपल्याकडचा डोळा बैलाचा आहे.

स्वतःचा इतका बोलका शब्द असताना परका का स्वीकारला गेला, याचे उत्तर व्याकरणात नसून व्यापारात आहे. हान्सा संघाच्या, म्हणजे उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या मध्ययुगीन संघाच्या काळात स्वीडनच्या शहरांत जर्मन व्यापारी आणि कारागीर मोठ्या संख्येने स्थायिक झाले होते. स्टॉकहोमच्या नगरपरिषदेतील निम्म्या जागा जर्मनांसाठी ठेवण्याची तरतूद तर थेट १४७१ मध्ये रद्द झाली. शहरी घराच्या नव्या सोयींबरोबर त्यांची नावेही रुजली. स्वयंपाकघराचा 'क्यॉक' याच वाटेने आला. (आरंभीच्या 'क'चा उच्चार 'श'कडे झुकत असल्याने तो आपल्या कानांना चक्क 'शोक' ऐकू येतो, पण त्यावरून कोणी व्युत्पत्ती रचू नये.) त्याच्या मुळाशी असलेले लॅटिन क्रियापद मात्र आपल्या 'पच्' धातूचे सगोत्र आहे, म्हणजे 'स्वयंपाक'मधला 'पाक' त्याचा दूरचा नातलग ठरतो.

दाराला म्हणतात तो 'दर्र' अस्सल जर्मानिक, म्हणजे स्वीडिश, जर्मन, इंग्रजी यांच्या समान भाषाकुळातला, आणि आपल्या 'द्वार'चा सख्खा.

दिवाणखान्यात फ्रेंचांचा वरचष्मा आहे. आरामखुर्चीचा 'फोतल्य' हा फ्रेंच 'फोतय'. पण त्याचे मूळ पुन्हा जर्मानिकच, 'घडीची खुर्ची' अशा अर्थाचे. अशा शब्दांची वर्णरचना स्वीडिश वळणावर नेण्याला स्वीडिश अकादमीच्या १८०१ च्या शुद्धलेखनविषयक प्रबंधाने बळ दिले, त्यामुळे आज त्यांचे परकेपण सहज लक्षात येत नाही. 'ब्यूरो'चा प्रवास अधिक मजेशीर आहे : फ्रेंचमध्ये आधी जाडेभरडे कापड, मग ते अंथरलेले लिहिण्याचे मेज, मग कचेरी. मराठीत आपण केवळ कचेरीचा अर्थ घेतला. स्वीडिश माणूस मात्र कचेरीबरोबरच कपडे ठेवायच्या खणांच्या कपाटालाही 'ब्यूरो'च म्हणतो.