बुजऱ्या मुलीच्या बड्डेला जादूगार बोलवावा का?

फोंड्याची आई:
नमस्कार, पुढच्या महिन्यात लेकीला पाच वर्षं पूर्ण होतील. सोसायटीच्या हॉलमध्ये पंचवीसेक पोरं येतील, तीन वर्षांच्यापासून दहा-अकराच्यापर्यंत. जादूगारच हवा म्हणून हटून बसलीय. पण मागच्या वर्षी एका बड्डेला जादूगाराने एका चिमुरड्याला पुढे बोलावलं, तो येईना तर हाताला धरून ओढलं, कानातून अंडं काढलं, सगळे हसले आणि ते पोर आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत राहिलं, केक कापला तरी बाहेर आलं नाही. माझीही तशीच बुजरी आहे हो. जादूगार बोलवू की बोलक्या बाहुल्या बऱ्या?

म्हापशेकर:
ताई, बोलवा, पण आधी फोनवर नीट बोलून घ्या. पोरांना पुढे कसं बोलावता हे सरळ विचारा, जो हात वर करेल तोच येईल असं ठरवून घ्या. अर्ध्या तासाच्या वर नको, तीन वर्षांची पोरं तेवढी बसली तरी खूप. आग लावायचा आयटम असेल तर स्पष्ट नाही म्हणा, वर फुगे आणि रिबिनी लटकत असतात. आणि पोपट आणतो म्हणाला तर दुसरा बघा, आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा आहे. बाहुल्याही छान, पण रामदास पाध्यांच्या अर्धवटरावाची गंमत बोलण्यात आहे, ती मोठ्या पोरांना जास्त कळते, तीन-चार वर्षांच्यांना हातात काहीतरी दिसायला लागतं.

डिचोलीचा मास्तर:
मी वर्गात करतो ते सांगतो. पी. सी. सरकारांच्या शोमध्ये एक लोटा असायचा, रिकामा करून ठेवायचे आणि थोड्या वेळाने परत त्यातून पाणी ओतायचे, पूर्ण खेळभर. लोट्याला आत चोरकप्पा असतो आणि बाहेर बारीक भोक, भोकावर बोट असेल तर हवा आत शिरत नाही म्हणून कप्प्यातलं पाणी हलत नाही, बोट उचललं की मधे उतरतं. हेच स्ट्रॉने होतं. पेल्यात रंगीत पाणी घ्या, स्ट्रॉ बुडवा, वरचं तोंड बोटाने दाबून उचला, पाणी आत लटकून राहतं, बोट काढलं की धार. लेकीला आत्तापासून शिकवा. तिला कोणी पुढे बोलवायच्या आधी तिच्याकडे स्वतःची एक जादू असू दे, बुजऱ्या पोरांचा हात मी असाच वर जाताना बघितलाय.

पणजीकर:
मास्तरांशी सहमत. एक जोडतो, संमोहनाचा आयटम सांगितला तर लहानांवर अजिबात नको. जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे ना, बाईवर हात पसरून उभा असलेला, माझा मुलगा विचारायचा की हा जादूगार का? मी सांगितलं, हे आपल्या कांदोळीचे पाद्री, जन्म १७५६ चा, पॅरिसला जाऊन संमोहन करून दाखवायचे, पण शक्ती माझ्यात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे असंच सांगायचे. लेकीला एकदा दाखवून आणा, पोरांना ती गोष्ट आवडते.

फोंड्याची आई:
मास्तर, काल रात्री करून बघितलं! पहिल्या तीन वेळा बोट सुटलं, पाणी टेबलावर. मग जमलं तेव्हा इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या काकी आल्या, त्यांनाही करून दाखवलं, अनोळखी कोणी आलं की आत पळणारी पोरगी ही! जादूगाराशी बोलले, ओढाओढी नाही म्हणून कबूल झालाय. सहाला शो, मग खाणं. आता खुर्च्या मांडू की चटई?

डिचोलीचा मास्तर:
चटई. छोटे पुढे, मोठे मागे, आणि लेकीला कडेला बसवा म्हणजे उठायचं असेल तर तिला वाट मोकळी राहील.

फोंड्याची आई:
देव बरें करूं मास्तर.