टेबल बनवणाऱ्या स्क्रिप्टनं तुमचा घाम कधी काढला? अनुभव सांगा

पंचगंगेकाठची

मंडळी, मी राजारामपुरीत संध्याकाळी डेटाबेसचा क्लास घेते. गेल्या आठवड्यात एक पोरगा लॅपटॉप बगलेत मारून आला. चेहरा असा, की घरात काहीतरी झालंय. "मॅडम, ४३ एरर आहेत आणि प्रोजेक्ट उद्या दाखवायचाय." होस्टेलच्या मेसचा हिशेब, पोस्टग्रेस या डेटाबेसवर, १२ टेबलं बनवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाईल. हा गडी खालून वर एकेक एरर सोडवत बसला होता. शेवटचा एरर म्हणत होता की 'जेवणखाते' नावाचं टेबलच नाही, म्हणून ते यानं हातानं बनवलं. मग त्याच्या वरचा एरर. दीड दिवस हाच उद्योग.

म्हटलं, वर जा, पार वर. पहिला एरर दाखव. पहिल्याच टेबलात शेवटच्या कॉलमनंतर एक स्वल्पविराम राहिला होता आणि लगेच कंस बंद. 'सभासद' टेबल बनलं नाही, म्हणून फॉरेन कीनं, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणाऱ्या कॉलमनं, त्याला टेकलेलं एकही बनलं नाही, म्हणून त्यांच्यात भरायच्या ओळीही आपटल्या. पोस्टग्रेसची स्क्रिप्ट चालवणारं पीएसक्यूएल पहिल्या चुकीला थांबत नाही, मुकाट पुढं पळत राहतं. थांबवायचं असेल तर 'ऑन एरर स्टॉप' आधी लावून ठेवावं लागतं. गंमत म्हणजे एररनं बोट ठेवलं होतं कंसावर. पोरगा त्या कंसाकडं बघत बसलेला, आणि कंस तर बरोबरच! पार्सर, म्हणजे आज्ञा वाचणारा भाग, जिथं तोंडावर पडतो ती जागा दाखवतो, ठेच आधीच्या दगडाला लागलेली असते.

स्वल्पविराम काढून स्क्रिप्ट परत चालवली तर नवाच एरर, टेबल आधीच आहे. ती त्यानंच हातानं बनवलेली. डेटाबेस पाडून कोरा केला आणि चौथ्या सेकंदाला सगळं उभं.

तर असे किस्से टाका. एरर काय दिसला, खरी भानगड काय निघाली, आणि वेळ किती गेला तेही खरं खरं. कंपनीचं, संस्थेचं नाव नको.


शिरोलीकर

मॅडम, माझा किस्सा दोन महिन्यांचा आहे.

एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी आयटी बघतो. म्हणजे प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं मीच. रोजच्या हीटच्या, म्हणजे धातू वितळवलेल्या घाण्यांच्या नोंदी, कास्टिंगचं रिजेक्शन वगैरे ठेवायला मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घेतला. बाहेरून करून घेतलेल्या स्क्रिप्टमध्ये वर 'क्रिएट डेटाबेस', त्याच्याखाली 'यूज', म्हणजे पुढचं काम याच डेटाबेसात कर, मग टेबलं. चालवली तर एरर ९११, या नावाचा डेटाबेसच नाही. अरे, वरच्याच ओळीत बनवतोयस की! मला वाटलं 'यूज'चीच ओळ चुकली असेल. काढून टाकली. स्क्रिप्ट सुरळीत चालली. मी खूश, मालक खूश.

दोन महिन्यांनी नवं मशीन आलं. जुन्यावरचा बॅकअप नव्यावर चढवला तर डेटाबेस रिकामा. एक टेबल नाही. माझे हातपाय गार पडले. नंतर कळलं की सगळी टेबलं 'मास्टर' या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसली होती. माझ्या लॉगिनचा ठरलेला डेटाबेस मास्टर, 'यूज' मी उडवलेला, मग टेबलं दुसरीकडं जाणार कुठं? आणि मी रोज बॅकअप घेत होतो तो रिकाम्या खोलीचा. जुनं मशीन भंगारात गेलं नव्हतं म्हणून नोकरी राहिली.

खरं औषध एका शब्दाचं होतं. 'क्रिएट डेटाबेस'नंतर 'गो' लिहायचं. 'गो' नसला की सगळी स्क्रिप्ट एकच गठ्ठा म्हणून आधी तपासली जाते, आणि त्या घडीला डेटाबेस जन्मलेलाच नसतो. पुढं शहाणपणा करून तीच स्क्रिप्ट मी सी शार्पच्या प्रोग्रॅममधून पाठवली, तर 'गो'जवळ सिंटॅक्स एरर. कारण 'गो' ही एसक्यूएलची आज्ञाच नाही. मॅनेजमेंट स्टुडिओ आणि एसक्यूएलसीएमडी या स्क्रिप्ट पाठवणाऱ्या साधनांना कळणारी ती खूण आहे, सर्व्हरला तिचा पत्ताही नसतो.


तालमीतला

आमच्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचा निकाल मी कॉम्प्युटरवर ठेवतो. हौस म्हणून. पैलवान, तालीम, वजनगट, आणि एक कॉलम 'रँक'. गटांच्या टेबलाचं नाव 'ग्रुप्स'. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीवर कितीतरी वर्षं निवांत चाललं.

सर्व्हरवाल्यांनी ८ वर नेलं. जुनी टेबलं डम्पमधून, म्हणजे अख्ख्या डेटाबेसच्या उतरवलेल्या फाईलमधून आली, काही तक्रार नाही. नव्या जत्रेसाठी माझी स्वतःची स्क्रिप्ट चालवली तर १०६४, म्हणजे सिंटॅक्स एरर, 'रँक'जवळ चूक. त्या ओळीत मी रात्री अकरापासून दोनपर्यंत काय काय बदललं असेल, विचारू नका. इंट बदललं, कंस बदलले, फाईल नव्यानं टाईप केली. ८ मध्ये विंडो फंक्शनं आली आणि त्यांच्याबरोबर 'रँक' आणि 'ग्रुप्स' हे दोन्ही शब्द राखीव, म्हणजे भाषेचे स्वतःचे, झाले, हे मला कोण सांगणार? डम्प का चालला, तर डम्प काढणारा प्रत्येक नावाला बॅकटिक, म्हणजे उलटं अवतरणचिन्ह, लावतो. मी आळशी, लावत नव्हतो.

आता कॉलमचं नाव 'क्रमांक' ठेवलंय, रोमन लिपीत. राखीव करून दाखवा म्हणावं.


कटवडा

माझा छोटा आहे. सरांनी स्क्रिप्ट वर्डच्या फाईलमध्ये दिली. वर्डनं सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवली आणि दोन डॅशचा मिळून एक लांब डॅश केला. वर्गातल्या ६० जणांना १०६४. सर म्हणाले, तुमचं इन्स्टॉलेशन चुकलंय. ६० जणांचं?

आणि मायएसक्यूएलमध्ये दोन डॅशच्या पुढं एक जागा सोडली नाही तर ती कॉमेंट, म्हणजे न चालवायची ओळ, धरत नाहीत. हे मला तिसऱ्या वर्षाला कळलं.


हुपरीची सून

मला एररच आला नाही. तोच माझा किस्सा.

घरचा चांदीचा धंदा. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांची वही कॉम्प्युटरवर आणायचं मी मोठ्या हौसेनं अंगावर घेतलं. कारागिराला चांदी दिली किती, माल आला किती, घट किती. वजनाच्या कॉलमला 'डेसिमल' लिहिलं आणि पुढं कंसात काही दिलं नाही. टेबल बनलं. महिनाभर नोंदी भरल्या.

एक दिवस मामंजी खुर्ची ओढून बसले, चष्मा वर केला. म्हणाले, "पोरी, सगळी पैंजणं पूर्णांकातच कशी काय उतरली?" बघते तर ४७.६५० ग्रॅमचं ४८, १२.४५० चं १२. मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'डेसिमल' म्हणजे दहा अंक आणि दशांशानंतर शून्य. ते गोल करून ठेवतं आणि बारीक आवाजात एक सूचना देतं, जी माझ्या स्क्रीनवर कधी दिसलीच नाही. आता 'डेसिमल १०, ३' केलंय. पण मधल्या महिन्याची वजनं त्यांच्या वहीवरून परत भरावी लागली. ती वही त्यांनी बंद केली नव्हती, मला न सांगता चालूच ठेवली होती. तेव्हा राग आला असता, पण कुठल्या तोंडानं?


शिरोलीकर

वैनी, मामंजींना आमच्याकडं पाठवा. रिजेक्शनचे आकडे बघायला माणूस पाहिजेच आहे.


निवृत्त बाबू

तुम्हा तरुणांचं बघून लिहितो. सरकारी कामात ओरॅकल हा डेटाबेस होता. तालुक्यांचं टेबल बनवलं, नावाला 'व्हारचार२' हा मजकुराचा प्रकार आणि लांबी २०. आपल्या जिल्ह्यात १२ तालुके, २० च्या पुढं कुणाचं नाव जातंय? मराठीतून नोंदी भरायला घेतल्या. करवीर गेलं, कागल गेलं, शिरोळ, आजरा, चंदगड, भुदरगड गेलं. पन्हाळा अडकला. हातकणंगले, गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, सगळे अडकले. सहा आत, सहा बाहेर. ओआरए १२८९९, किंमत कॉलमपेक्षा मोठी.

साहेब म्हणाले, पन्हाळ्याचं स्पेलिंग बघा. मराठीत स्पेलिंग!

बोटं मोजत बसलो तेव्हा उमगलं. ओरॅकल तिथं अक्षरं मोजत नव्हतं, बाइट मोजत होतं. यूटीएफ ८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, आणि काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येक वेगळी खूण. 'कोल्हापूर' आपल्याला चार अक्षरांचं दिसतं. आत ते नऊ खुणांचं आहे, म्हणजे २७ बाइट. 'कागल' १२ मध्ये बसतं. 'पन्हाळा' २१, एका बाइटनं गेला बिचारा. लांबी लिहिताना '२० चार' असं लिहिलं की मग तो खुणा मोजतो. दोन दिवस गेले. त्यातला दीड दिवस इंग्रजीतच भरा असं सांगणाऱ्यांशी वाद घालण्यात गेला, पण तो मी वाया गेला असं धरत नाही.


कटवडा

काका, हे लई भारी. मायएसक्यूएलमधल्या १९१ चं कोडंही असलंच ना? लोक 'व्हारचार १९१' का लिहितात ते मला कधीच कळलं नव्हतं.


पंचगंगेकाठची

तसलंच. जुन्या इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या साठवणूक इंजिनात, इंडेक्सला (शोधायच्या सूचीला) ७६७ बाइटची मर्यादा होती. यूटीएफ ८ एमबी ४ मध्ये एका खुणेला जास्तीत जास्त ४ बाइट धरतात, म्हणून १९१ चोक ७६४, बसतं. २५५ चोक १०२०, एरर १०७१. ५.७ पासून मर्यादा ३०७२ झाली, पण नक्कल करत आलेलं १९१ अजून चालूच आहे.


गुळव्या

मार्केट यार्डातल्या एका अडतीचं काम होतं. शेतकरी, आलेले गुळाचे रवे, सौदा, पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा हिशेब. पट्टीच्या टेबलाला शेतकऱ्याची फॉरेन की लावायला गेलो की १२१५, जोडता येत नाही. का नाही, ते सांगत नव्हतं. दोन्हीकडं 'इंट', म्हणजे पूर्णांक, होतं. नावं तीच. इंजिन तेच. टेबलांचा क्रम बरोबर. दुपारी सौदे संपून हमाल झोपले तरी मी तिथंच.

शेवटी एकानं फोनवर सांगितलं, 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' मार आणि फॉरेन कीच्या शेवटच्या चुकीचा भाग वाच. शेतकऱ्याचा आयडी 'इंट अनसाइन्ड', म्हणजे ऋण आकडे न घेणारा, होता, माझा साधा 'इंट'. फ्रेमवर्कनं बनवलेलं टेबल अनसाइन्ड, मी हातानं लिहिलेलं साधं. ८ मध्ये ३७८० हा एरर दोन्ही कॉलमांची नावं घेऊन सांगतो, कुणाचं कुणाशी जमत नाही ते. तेव्हा हे असतं तर जेवायला घरी गेलो असतो.


पाणी बघितलेला

२०१९ चा ऑगस्ट. दुकानात कमरेएवढं पाणी, कॉम्प्युटर खाली. आदल्या रात्री मिसेसनं डम्प पेनड्राइव्हवर घेतला होता, तेवढंच वाचलं. पाणी ओसरल्यावर मेहुण्याच्या जुन्या लॅपटॉपवर झॅम्प या तयार संचात चढवायला गेलो तर पहिल्याच टेबलाला १२७३, कोलेशन (अक्षरं जुळवायचे नियम) माहीत नाही. माझं मायएसक्यूएल ८ होतं, झॅम्पमध्ये मारियाडीबी हा त्याचा भाऊबंद. ८ चं ठरलेलं '०९०० एआय सीआय' हे कोलेशन त्याला ओळखू येईना. फाईलमध्ये शोधून सगळीकडं 'युनिकोड सीआय' घातलं आणि उधारीची यादी स्क्रीनवर आली. चिखल काढायचं सोडून आम्ही दोघं ती यादीच वाचत बसलो.


डेरीवाला

आता माझं. बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

गावातल्या दूध संस्थेचं काम मी बघतो. सकाळ-संध्याकाळ संकलन, लिटर, फॅट, दर दहा दिवसांनी बिल. टेबलात एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या घन भागाचा, कॉलम वाढवायचा होता. स्क्रिप्टमध्ये तो घातला, चालवली, एकही एरर नाही. नोंद करायला गेलो तर १०५४, असा कॉलमच नाही. परत चालवली. परत तेच. दोन दिवस मी त्या कॉलमच्या स्पेलिंगवर संशय घेत होतो.

स्क्रिप्टमध्ये 'क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स', म्हणजे टेबल नसेल तरच बनव, असं होतं. टेबल जुनं का होईना, आहे ना? मग त्यानं आत डोकावूनही बघितलं नाही आणि पुढं गेलं. तिथं 'ऑल्टर टेबल'ची एक ओळ पुरली असती.

मी मात्र वैतागून वरती 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स', म्हणजे टेबल असेल तर उडव, घातलं. घरच्या लॅपटॉपवर झकास चाललं. मग तीच फाईल संस्थेच्या पीसीवर चालवली. बिलाचा आठवा दिवस होता. फॉरेन कीनं तरी अडवलं असतं, पण डम्पमधून उचललेली 'फॉरेन की चेक्स शून्य' ही तपासणी बंद करणारी ओळ सगळ्यात वर होतीच. रोलबॅक, म्हणजे केलेलं मागं घे ही आज्ञा, मारला. मायएसक्यूएलमध्ये 'ड्रॉप' झाला की त्याच जागी कमिट, म्हणजे कायम, होतो, हे मी रोलबॅक मारल्यावर वाचलं. पोस्टग्रेस असता तर ट्रान्झॅक्शनमधून टेबल परत आलं असतं, पण त्याचा आता काय उपयोग.

सोळा संकलनं गेली. सचिवांना सांगायला पायच उचलत नव्हते. ते काही बोलले नाहीत, स्पीकरवरून गावाला सांगितलं, ज्याच्या त्याच्या दुधाच्या पावत्या घेऊन या. दोन रात्री आम्ही चौघं पावत्या भरत होतो. कुणाच्या खिशात धुऊन गेलेल्या, कुणाच्या चुलीत. एक म्हातारी आली, एका म्हशीचं दूध घालणारी. तिच्या सोळाच्या सोळा पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोरा बांधलेला. म्हणाली, "मला वाचता येत न्हाई बाबा, म्हणून ठेवतोय."


पंचगंगेकाठची

दादा, ज्यांच्या पावत्या नव्हत्या त्यांचं काय केलंत?


डेरीवाला

मागच्या बिलाची सरासरी धरली. दोघं भांडले. त्यांना वाढवून दिलं, फरक माझ्या पगारातून.


गुळव्या

आणि ती स्क्रिप्ट?


डेरीवाला

आहे त्याच पीसीवर. 'ड्रॉप'च्या ओळीआधी दोन डॅश मारलेत. डॅशच्या पुढं जागा सोडलीय, कटवडा.