‘गुलाब’ सहा वर्षांनी परत येतं म्हणणाऱ्यांना

उमरखेडचा कास्तकार: काल इथं एकानं लिहिलं, "वादळांची नावं दर सहा वर्षांनी फिरून येतात, 2027 मध्ये ‘गुलाब’ पुन्हा येईल. तसंही वादळ किनाऱ्याचं, विदर्भाला त्याचं काय?" राजेहो, दोन्ही चूक. सहा वर्षांचं चक्र अटलांटिकचं; तिथंही कतरिनासारख्या घातक वादळाचं नाव कायमचं बाद करतात. आपल्याकडे, म्हणजे बंगालचा उपसागर नि अरबी समुद्रासाठी, 13 देशांनी 13-13 नावं दिली, 169 नावांची यादी 2020 मध्ये आली. नाव एकदा वापरलं की संपलं. ‘गुलाब’ 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ धडकलं आणि 28 तारखेला इथं दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली. तरी विदर्भाला काय म्हणता?

वर्धेकाठचा: मीच लिहिलं होतं ते. नावाचं चुकलं. पण इथं पोचेस्तोवर ते वादळ नव्हतंच, कमी दाबाचा पट्टा होता. पाऊस तर सप्टेंबरात पडतोच.

उमरखेडचा कास्तकार: तोच पट्टा पुढं अरबी समुद्रात उतरला, ‘शाहीन’ झाला, ओमानला धडकला. तिकडे नवं नाव मिळालं, मधले आमचे दिवस बिननावाचे. माझं तीन एकर सोयाबीन सोंगून पडलं होतं. चौथ्या दिवशी पेंढी उचलली तर शेंगांतून पांढरे कोंब, आणि हाताला आंबूस वास.

चंद्रपूरची सून: नावावरून काय भांडता? पीकविम्याचं बोला. तेव्हा नुकसान 72 तासांत कळवा म्हणायचे. आमच्याकडे तीन दिवस लाइन नव्हती, मोबाइल बंद. सासऱ्यांचा अर्ज ‘उशिरा आला’ म्हणून बाद झाला. वावरात गुडघाभर चिखल आणि विमावाल्यांना फोटो पाहिजे!

वर्धेकाठचा: ताई, नियम सगळ्यांना सारखाच. आमच्या गावची पोरं तालुक्याला जाऊन कळवून आली.

चंद्रपूरची सून: पुलावरून पाणी जात असताना? भाऊ, वर दहागावचं वाचलं ना तुम्ही? माझ्या म्हाताऱ्या सासऱ्यांना त्या पाण्यात घालायचं होतं का मी?

वर्धेकाठचा: बरं, ते मी बोलायला नको होतं. 72 तास कमीच होते. पण कमी दाबाला वादळ म्हणू नका, लोक उगाच घाबरतात.

उमरखेडचा कास्तकार: घाबरू द्या. गेल्या 2025 च्या ऑक्टोबरात ‘मोंथा’ आंध्रावर येतंय ऐकलं, तसा चार बाया लावून फुटलेला सगळा कापूस वेचून घरात घेतला. नुसतं ‘कमी दाब’ ऐकलं असतं, तर तो वावरातच भिजला असता.